तलफ, मोजदाद आणि खिशातला फोन

व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडलेल्या माणसाची खरी परीक्षा केंद्रात होत नाही, घरी परतण्याच्या रस्त्यावर होते. तोच नाका, तोच बार, संध्याकाळी तिथेच बसलेली तीच मंडळी. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात डेव्हिड गुस्टाफसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हा रस्ता डोळ्यांपुढे ठेवून 'ए-चेस' नावाचं अ‍ॅप तयार केलं. पूर्वी आपण कुठे जाऊन प्यायचो, ती ठिकाणं त्यात नोंदवून ठेवता येत. पुढे तो माणूस अशा एखाद्या ठिकाणाजवळ आला की जीपीएसमुळे फोनला ते कळे आणि फोन त्याला विचारी: तुम्हाला खरंच इथे यायचं आहे का?

अडवणूक नाही, उपदेश नाही, नुसता प्रश्न. शिवाय पडद्यावर एक बटण होतं. तलफ असह्य झाली की ते दाबायचं. मग दारू का सोडायची ठरवली, याची त्यानेच लिहून ठेवलेली कारणं समोर येत आणि त्याने निवडलेल्या जवळच्या माणसांना निरोप जाई.

या अ‍ॅपची चाचणी ३४९ रुग्णांवर झाली. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले, तर उरलेल्यांना त्या उपचारांसोबत आठ महिने अ‍ॅप घातलेला स्मार्टफोन. निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. महिन्याभरातले धोकादायक पिण्याचे दिवस फोनवाल्या गटात सरासरी १.३९ होते, दुसऱ्या गटात २.७५. दारूला अजिबात न शिवलेल्यांचं प्रमाण फोनवाल्यांत सुमारे ५२ टक्के, इतरांत सुमारे ४० टक्के. व्यसनाच्या उपचारात हा फरक लहान नाही. शिवाय हे सगळे गंभीर व्यसनातून उपचार घेऊन बाहेर पडलेले लोक होते, 'जरा जास्त होतंय' म्हणणारे हौशी नव्हेत.

फोनने दारूपासून वाचवावं, यात नवल वाटत असलं तरी ही गोष्ट तशी जुनी आहे. मे १९३५ मध्ये बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअर दलाल ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी धंद्याच्या कामासाठी आला होता. दारू सोडून त्याला काही महिनेच झाले होते. सौदा फिसकटला. मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत एका बाजूला बार आणि दुसऱ्या बाजूला टेलिफोन. त्याने टेलिफोन उचलला आणि चर्चच्या यादीतले नंबर फिरवत, आपल्यासारखाच एखादा दारुडा बोलायला मिळेल का, याची चौकशी सुरू केली. त्यातून डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी गाठ पडली आणि 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस'चा, म्हणजे आपल्याकडेही गावोगाव मीटिंगा भरवणाऱ्या 'एए'चा जन्म झाला. एएमधला नवखा आजही अडचणीच्या घडीला स्पॉन्सरला, म्हणजे आधीच दारू सोडलेल्या आपल्या जुन्या सोबत्याला, फोन लावतो. ए-चेसच्या बटणाने तेच काम नव्या यंत्राकडून करून घेतलं, एवढंच.

म्हणजे अ‍ॅपचं पहिलं काम योग्य क्षणी माणूस गाठून देण्याचं. दुसरं काम मोजण्याचं. आणि माझ्या मते अवघड आहे ते हेच, कारण आपण किती पितो हे पिणाऱ्याला सहसा ठाऊकच नसतं. लोकांना विचारून काढलेला आकडा आणि प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या दारूचा आकडा देशोदेशी ताडून पाहिला गेला आहे. बऱ्याच ठिकाणी लोकांनी सांगितलेलं प्रमाण विक्रीच्या निम्म्याच्या आसपास भरतं. सगळे खोटं बोलतात असं नाही. जे टिपलं नाही ते विसरलं जातं, आणि घरी ओतलेला पेग मापाने कोण ओततो?

अ‍ॅपमधली पेयांची डायरी ही किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखी असते: रोज थोडं थोडं लिहिलेलं महिनाअखेरीस एकदम समोर येतं. आपली वागणूक स्वतःच टिपू लागल्यावर माणसाची वागणूक थोडीफार बदलतेच, हे मानसशास्त्रज्ञांना जुनंच ठाऊक आहे. पण टिपायचं कोणत्या मापात? इथे आपल्याकडच्या माणसाची पंचाईत होते. बहुतेक लोकप्रिय अ‍ॅप ब्रिटनची किंवा अमेरिकेची. ब्रिटनचं 'युनिट' म्हणजे १० मिलिलिटर, अर्थात ८ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. अमेरिकेचं 'स्टँडर्ड ड्रिंक' १४ ग्रॅमचं, स्वीडनचं १२ ग्रॅमचं, तर जागतिक आरोग्य संघटना १० ग्रॅम धरते. आपल्याकडे मात्र हिशेब चालतो क्वार्टर, नायंटी आणि पेगमध्ये.

तेव्हा एकदा गणित मांडूच. आपल्याकडची व्हिस्की किंवा रम साधारण ४२.८ टक्क्यांची असते. १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये शुद्ध अल्कोहोल ७७ मिलिलिटर, म्हणजे सुमारे ६१ ग्रॅम. अमेरिकी हिशेबाने ही चारपेक्षा थोडी जास्त ड्रिंक्स, स्वीडनच्या हिशेबाने पाच, तर ब्रिटनच्या हिशेबाने साडेसातहून जास्त युनिटं. आठ टक्क्यांची ६५० मिलिलिटरची स्ट्राँग बिअर म्हणजे पाच युनिटांच्या वर. ब्रिटनच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी २०१६ पासून स्त्री-पुरुष दोघांनाही आठवड्याला १४ युनिटांच्या वर न जाण्याचा सल्ला दिला आहे. ६० मिलिलिटरचे मोठे पेग धरले तर अख्ख्या आठवड्याचे साडेपाचही पुरे होत नाहीत. दोन क्वार्टर झाल्या की आठवडा संपला! 'मी फक्त शनिवार-रविवार घेतो, तीही एकेक क्वार्टर' म्हणणाऱ्याने हा हिशेब एकदा करून पाहावा. आणि १४ ही काही सुरक्षिततेची हमी नव्हे. आरोग्याला पूर्णपणे निर्धोक असं दारूचं कोणतंही प्रमाण नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे.

मोजदादीवर उभं राहिलेलं आणि सर्वांत कसोशीने तपासलं गेलेलं अ‍ॅप म्हणजे युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांचं 'ड्रिंक लेस'. त्यात पेयांची डायरी आहे, आठवड्याचं उद्दिष्ट ठरवता येतं, आपल्या वयाचे इतर लोक किती पितात याच्याशी तुलना होते, आणि 'असं घडलं तर मी तसं करीन' अशी तयारी आधीच लिहून ठेवता येते. क्लेअर गार्नेट आणि सहकाऱ्यांनी ५,६०२ ब्रिटिश प्रौढांवर याची चाचणी घेतली. अर्ध्यांना हे अ‍ॅप सुचवलं, अर्ध्यांना ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचं माहितीपान. सहा महिन्यांनी, संशोधकांच्या एका विश्लेषणानुसार, अ‍ॅप सुचवलेल्यांचं आठवड्याचं पिणं दुसऱ्या गटापेक्षा सरासरी दोन युनिटांनी जास्त घटलं होतं.

दोन युनिटं म्हणजे आपला एक मोठा पेगही नाही. एका माणसाकडे पाहिलं तर हसू येईल इतकी लहान घट. पण यासाठी डॉक्टर लागला नाही, खाट लागली नाही, रजा काढावी लागली नाही, आणि कुणाला सांगावंही लागलं नाही. लाखो फोनांत जाऊ शकणाऱ्या गोष्टीचं मोल असंच मोजावं लागतं. याच अ‍ॅपवर केलेली आणखी एक चाचणी मला जास्त रंजक वाटते. ३५० जणांना रात्री आठ वाजता 'आजची डायरी भरा' अशा अर्थाचा संदेश कधी पाठवला, कधी नाही. संदेश आला की पुढच्या तासाभरात अ‍ॅप उघडलं जाण्याची शक्यता साडेतीन पट होत होती. आठची वेळ काही उगाच निवडलेली नव्हती. पिण्याचा विचार घोळायला लागतो तो तेव्हाच.

आता उलटी गोष्ट. स्वीडनमध्ये दारूची किरकोळ विक्री 'सिस्टमबोलागेट' या सरकारी मक्तेदार कंपनीच्या हाती आहे. तिने 'प्रोमिलेकोल' नावाचं अ‍ॅप लोकांना दिलं. किती घेतली ते भरलं की रक्तातलं अल्कोहोल किती झालं याचा अंदाज ते सांगे. असा अंदाज बांधण्याचं सूत्रही मूळ स्वीडनचंच, एरिक विडमार्क यांनी १९३०च्या दशकात मांडलेलं. हेतू उत्तम. पण विद्यापीठातल्या सुमारे १,९०० विद्यार्थ्यांवर संशोधकांनी चाचणी घेतली तेव्हा पिणं कमी झालेलं दिसलं नाही. इतकंच नव्हे, हे अ‍ॅप मिळालेल्या मुलांमध्ये पिण्याचे प्रसंग चक्क वाढलेले आढळले. असं का व्हावं? मला तरी यात पोरांचा स्वभाव दिसतो. आकडा समोर आला की कुणाला तो लगाम वाटतो, कुणाला चढण्याची पायरी. मोजदाद आपोआप गुणकारी ठरत नाही. काय मोजलं आणि ते माणसापुढे कोणत्या प्रश्नासोबत ठेवलं, यावर सगळं अवलंबून.

हीच शंका 'स्ट्रीक' मोजणाऱ्या अ‍ॅपबद्दलही येते. दारू सोडून इतके दिवस झाले, इतके पैसे वाचले, हे आकडे पहिल्या काही आठवड्यांत फार उमेद देतात. पण एका लग्नात दोन पेग झाले की मीटर शून्यावर. सिएटलचे मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लॅट यांनी अशा वेळी माणसाच्या मनात काय होतं याचा आयुष्यभर अभ्यास केला. एकदा घसरल्यावर 'आता गेलंच सगळं, मग उरलेली बाटली तरी कशाला सोडा' हा विचार मूळच्या दोन पेगांपेक्षा जास्त घातक ठरतो, असं त्यांनी दाखवलं. साठ दिवसांची पुण्याई एका संध्याकाळी पुसून टाकणारा मीटर नेमका त्याच विचाराला हात देतो. चांगलं अ‍ॅप घसरलेला दिवस टिपून घेतं, पण मागचे दिवस खोडत नाही. तलफ लाटेसारखी चढते आणि न पिताही ओसरते, तेव्हा तिच्याशी झुंजण्यापेक्षा तिच्यावर तरंगत राहावं, ही मार्लॅट यांची शिकवण आज अनेक अ‍ॅपमध्ये श्वासाच्या छोट्या व्यायामाच्या रूपाने सापडते.

अ‍ॅपच्या भरवशावर काय करू नये, हेही सांगायला हवं. रोज भरपूर पिणाऱ्याने, सकाळी हात थरथरतात म्हणून घोट घेणाऱ्याने, एका रात्रीत दारू तोडू नये. अंगाला सवय झालेली दारू एकदम थांबली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांत भ्रम, भास, ताप आणि प्रचंड घाम अशी अवस्था उद्भवू शकते. ती जीवघेणी ठरू शकते. तिथे डॉक्टर आणि औषधंच हवीत. जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची 'ऑडिट' चाचणी अनेक अ‍ॅपमध्ये सुरुवातीलाच असते. तीत चाळीसपैकी वीस किंवा जास्त गुण आले, तर फोन खाली ठेवून दवाखाना गाठावा.

दुसरी जपायची गोष्ट म्हणजे गुपित. माणूस जे बायकोला सांगत नाही, ते अ‍ॅपला सांगतो. अमेरिकेत 'मॉन्युमेंट' या ऑनलाइन दारूमुक्ती सेवेने रुग्णांची माहिती जाहिरात कंपन्यांकडे जाऊ दिल्याचं उघड झालं आणि २०२४ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने, जाहिरातीसाठी आरोग्यविषयक माहिती देण्यास तिला बंदी घातली. फुकट अ‍ॅप घेताना ते कुणाच्या पैशावर चालतं, हे पाहिलेलं बरं.

आपल्याकडे गरज किती मोठी आहे? सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये आलेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात, आणि त्यातल्या साडेपाच कोटींहून अधिक लोकांना तिच्यापायी मदतीची गरज आहे. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही उपचार मिळतात. पुण्याच्या 'मुक्तांगण'सारख्या, अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये उभ्या केलेल्या संस्था कितीही झिजल्या तरी हा आकडा त्यांच्या खाटांत मावणारा नाही. (आणि मुक्तांगण पत्नींसाठी 'सहचरी' गट चालवतं. घरच्यांची बाजू सांभाळण्याचा हा विचार मी पाहिलेल्या अ‍ॅपमध्ये फारसा दिसत नाही.) केंद्र सरकारची १४४४६ ही निःशुल्क हेल्पलाइन आहे, पण तिची माहितीच अनेकांपर्यंत पोचलेली नसते.

या पोकळीत सर्वांत विचारपूर्वक काम झालं ते गोव्यात. 'संगाथ' संस्थेच्या अभिजित नाडकर्णी, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या, घातक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर एक चाचणी घेतली. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते. या कामाचं प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती, आणि बैठकी जास्तीत जास्त चार. तीन महिन्यांनी मागच्या पंधरवड्यात दारूला न शिवलेल्यांचं प्रमाण समुपदेशन मिळालेल्यांत ४२ टक्के होतं, न मिळालेल्यांत १८. पुढे याच मंडळींनी हे संभाषण मोबाइलवरच्या संदेशांतून पोचवण्याचा प्रयत्न हाती घेतला.

त्या चाचणीच्या आकड्यांत एक गोष्ट लंडनपेक्षा अगदी निराळी निघाली. गोव्यात ज्यांनी पिणं चालू ठेवलं, त्यांचं प्रमाण समुपदेशनाने घटलेलं दिसलं नाही. फायदा झाला तो पूर्ण थांबणाऱ्यांची संख्या वाढण्यात. लंडनचं अ‍ॅप आठवड्याची युनिटं थोडी थोडी खाली आणतं. गोव्यातल्या पुरुषांकडे पाहता, घ्यायची तर घ्यायची नाहीतर सोडायची, असाच त्यांचा बाणा दिसतो. मराठी किंवा कोकणी माणसासाठी उद्या कुणी असं अ‍ॅप बांधायला बसलं, तर त्याला नुसती भाषा बदलून भागणार नाही. माप क्वार्टर-नायंटीचं ठेवावं लागेल, संदेश साध्या फोनवरही पोचेल असं पाहावं लागेल, आणि डायरीच्या पहिल्या पानाआधीच विचारावं लागेल: कमी करायची आहे, की बंद?