कनेक्शन तुटलं, ऑर्डरचं काय?

हॉस्टेलची लाईट गेली की नेट बंद पडतं. पण बाजारात टाकलेली ऑर्डर तशीच उभी राहते! क्रिप्टोचा बाजार तर रात्रंदिवस चालू. भाव कोसळला, तर आपण अंधारात बसलेलो असताना नको ती खरेदी होऊन जाते.

यासाठी डेरिबिट या एक्स्चेंजवर 'कॅन्सल ऑन डिस्कनेक्ट' ही सोय आहे. कनेक्शन तुटलं की त्यावरून टाकलेल्या ऑर्डर रद्द होतात. ही सोय चालू आहे का, हे एपीआयला विचारता येतं. उत्तरात व्याप्ती कळते, म्हणजे हे एक कनेक्शन की पूर्ण अकाउंट, आणि चालू की बंद तेही.

मी टेस्टनेटवर, खोट्या पैशांवर, करून बघितलं. अकाउंटसाठी विचारलं, उत्तर 'चालू'. चालू कनेक्शनसाठी विचारलं, तर 'बंद'! कारण साधं होतं. अकाउंटची सेटिंग नव्या कनेक्शनला लागू होते, आणि माझं आधीच उघडलेलं होतं. म्हणून दोन्ही विचारा.

दुसरी गोम अशी की, केबल उपटली तर सर्व्हरला ते लगेच कळेलच असं नाही. त्यासाठी हार्टबीट लावायचा, कमीत कमी १० सेकंदांचा. सर्व्हरच्या हाकेला ओ दिली नाही, तर तो स्वतःच कनेक्शन तोडतो.

आणि लक्षात ठेवा, रद्द होतात त्या फक्त बाकी ऑर्डर. झालेला सौदा तसाच राहतो. तेव्हा खरे पैसे लावण्याआधी एकदा केबल उपटून बघाच!