सतराव्या वर्षीचा दोर

1955 ते 1963 या काळात महासत्तांनी उघड्यावर अणुबॉम्बच्या इतक्या चाचण्या केल्या की उत्तर गोलार्धाच्या हवेतलं कार्बन-14 या किरणोत्सारी कार्बनचं प्रमाण जवळजवळ दुप्पट झालं. हवेतून तो पिकांत गेला, पिकांतून गुरांच्या दुधात आणि माणसांच्या अंगात. अर्ध्या शतकानंतर डेन्मार्कमधल्या संशोधकांनी हीच खूण धरून एक वेगळाच प्रश्न सोडवला: टाचेमागची जाड शीर, म्हणजे अकिलीस टेंडन, आयुष्यात कितीदा नवी होते? 2013 साली आलेलं उत्तर चक्रावून टाकणारं होतं. जवळजवळ कधीच नाही! वयाच्या साधारण सतराव्या वर्षापर्यंत तिचा जो गाभा घडतो, तोच जन्मभर पुरवायचा. तांबड्या रक्तपेशी चार महिन्यांत बदलतात, पण सत्तरीतले आजोबा सकाळी फिरायला निघतात ते कॉलेजात जायच्या वयात वळून तयार झालेल्या दोरावर.

दोरच तो. कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या तीन साखळ्या एकमेकींभोवती पिळलेल्या, अशा असंख्य पिळांचा एक तंतू, तंतूंची जुडी, जुड्यांचा जाड पेड. स्नायूला हाडाशी बांधतो तो टेंडन, हाडाला हाडाशी बांधतं ते लिगामेंट. धावताना अकिलीसवर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठपट ताण येतो. ती किंचित ताणली जाते आणि साठवलेली ऊर्जा पुढच्याच क्षणी पावलाला परत देते. मात्र या ताकदीची किंमत मोजावी लागते. आत जिवंत पेशी थोड्या, रक्तवाहिन्या त्याहून विरळ. म्हणून स्नायूचं दुखणं काही आठवड्यांत ओसरतं, तर टेंडनचं महिनोन्‌महिने रेंगाळतं.

लिगामेंटची करामत आणखी निराळी. रस्त्यावरच्या खड्ड्यात पाऊल आत वळलं, घोटा मुरगळला, की बहुधा पहिला बळी जातो बाहेरच्या बाजूच्या, जेमतेम दोन सेंटिमीटर लांबीच्या लिगामेंटचा. त्याच्यात मज्जातंतूंची टोकं असतात. पाऊल कसं टेकलंय, किती कललंय, ही खबर ती मेंदूला क्षणोक्षणी देतात. दुखापतीत ही खबरही अडखळते. सूज उतरली तरी तोच घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो, त्याचं एक कारण हे. एका पायावर उभं राहून तोल सांभाळण्याचा साधा व्यायाम फिजिओथेरपिस्ट देतात, तो ही खबर पुन्हा सुरळीत व्हावी म्हणून.

गुडघ्यात तर एकाच सांध्यात दोन नशिबं. आतल्या कडेचं लिगामेंट फाटलं, तर बऱ्याचदा ते ऑपरेशनशिवाय सांधतं. कबड्डीपटूंना धास्ती असते ती एसीएल नावाच्या दुसऱ्या लिगामेंटची. ते सांध्याच्या ऐन मध्यात, वंगणासारख्या द्रवात बुडालेलं असतं. तुटल्यावर तिथे रक्ताची गुठळी टिकत नाही आणि तुटकी टोकं सहसा जुळत नाहीत. मग सर्जन मांडीमागचा टेंडन काढून हाडांत पाडलेल्या बोगद्यांतून ओवतात. नवल असं, की नव्या जागी तो टेंडन हळूहळू लिगामेंटसारखा होऊ लागतो. त्याला महिने लागतात, म्हणून खेळाडूला मैदानात परतायला बहुधा नऊ महिने तरी थांबावं लागतं.

मग विश्रांती हाच उपाय? स्वीडनचे सर्जन हाकन आल्फ्रेडसन यांची अकिलीस दुखत होती. वरिष्ठ ऑपरेशन करायला तयार होईनात, तेव्हा ती पुरती बिघडावी म्हणून ते चवड्यावर उभं राहून टाच पायरीखाली सोडण्याचा व्यायाम हट्टाने करत राहिले. झालं उलटंच, दुखणं पळालं! 1998 साली त्यांनी हा उपचार प्रसिद्ध केला: दिवसाला 180 वेळा, बारा आठवडे. योग्य मापाचा भार हे टेंडनचं औषध ठरलं.

तेव्हा ताजा मुरगळलेला घोटा रगडून घेऊ नका आणि त्याला महिनाभर पाटावर बसवूनही ठेवू नका. चार पावलंही टाकता येत नसतील तर एक्स-रे काढा. टाचेमागे कुणी लाथ मारल्यासारखं वाटलं आणि चवड्यावर उभं राहता येईना, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. बाकी दुखणं थांबलं म्हणजे दोर सांधला असं समजू नका; व्यायाम ठरल्या मुदतीपर्यंत करा.