गोषवाऱ्याचे काम आणि वाचलेला वेळ



ज्याचे आयुष्य कामगारांच्या सभांत गेले, त्याने दूरचित्रवाणीच्या मालिकांवर बोलावे याचे आपणांस नवल वाटेल. पण माझा विषय मालिका हा नव्हे. मालिकेचा एक भाग पाहावयाचा आणि त्यात काय घडले ते सांगणारा तीन मिनिटांचा व्हिडिओ करावयाचा, हे आज अनेक तरुणांचे पोटाचे काम झाले आहे. आणि जेथे काम आले तेथे त्याची मांडणी, त्याला लागणारा वेळ आणि त्याची मजुरी हे प्रश्न आलेच.

आमच्या युनियनच्या कचेरीवरच्या खोलीत दोन मुले हे काम करतात. कंत्राटदार नगावर पैसे देतो. रात्री भाग संपला की ती बसत, ती पहाटे तीनला उठत. एके रात्री मी वही आणि घड्याळ घेऊन त्यांच्या शेजारी बसलो. घड्याळ घेऊन कामगाराच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या माणसाशी मी जन्मभर भांडत आलो. त्या रात्री तो माणूस मीच होतो.

हिशेब मांडला तेव्हा मुलेच चकित झाली. सहा तासांपैकी पाहण्यात एक गेला, लिहिण्या-बोलण्यात एक. आणि तीन तास नुसती दृश्ये शोधण्यात! कारण उघड होते. ती आधी चित्रे जोडीत आणि मग त्यांना शोभेल असे निवेदन रचीत. घर बांधून झाल्यावर पाया खणण्यासारखेच हे.

आम्ही क्रम उलटा केला. जाहिराती वगळता भाग सुमारे बावीस मिनिटांचा असतो. तो प्रथम कोठेही न थांबविता पाहावयाचा, आणि संपताच न पाहता पाच वाक्ये लिहावयाची : आज काय बदलले? कोण रडले, कोणाची साडी कोणती, हे नव्हे, बदलले काय? जे आठवते तोच गोषवाऱ्याचा कणा. मग दुसऱ्यांदा पाहताना प्रत्येक वाक्यासमोर मिनिट आणि सेकंद टिपावयाचे. मगच निवेदन लिहावयाचे. स्वच्छ मराठी बोलताना मिनिटाला सुमारे एकशेवीस शब्द जातात, हा माझा सभांतला अनुभव. तेव्हा तीन मिनिटांना साडेतीनशे शब्द पुष्कळ झाले. ते मोठ्याने वाचून, काटछाट करून, आवाज ध्वनिमुद्रित करावयाचा आणि चित्रे सर्वांत शेवटी त्या आवाजाखाली बसवावयाची. आपल्याकडे दूरचित्रवाणीची एका सेकंदाला पंचवीस चित्रे धावतात. चित्रे बसविल्यावर निवेदनातले एक वाक्य बदलले, तर पुढचे सारे सरकते आणि तासभराचे काम पुन्हा करावे लागते. आवाज आधी पक्का केला की ही कटकट उरत नाही.

बाकीच्या गोष्टी किरकोळ आहेत. सुरुवातीची पाटी, संगीत, अक्षराचे वळण एकदा ठरवून साचा करून ठेवावा. फाइलीला मालिकेचे नाव, भागाचा क्रमांक आणि तारीख द्यावी. खालची अक्षरे यंत्र उमटवून देते, पण ती डोळ्यांनी वाचल्याशिवाय सोडू नयेत. आमच्या यंत्राने नायिकेचे नाव एकाच व्हिडिओत तीन प्रकारे लिहिले होते.

एक गोष्ट मात्र किरकोळ नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात टीका व परीक्षणासाठी दुसऱ्याच्या कृतीचा रास्त वापर करण्यास मुभा आहे. पण नुसती दृश्ये एकापुढे एक चिकटविणे म्हणजे परीक्षण, असे कोणी समजू नये. यूट्यूबवर २००७ पासून चोरीचे चित्र वा आवाज ओळखणारी यंत्रणा आहे. शिवाय मालकाच्या तक्रारीवरून नव्वद दिवसांत तीन ‘स्ट्राइक’ झाले की तुमचे खाते बंद होऊ शकते. आम्ही मालकाविरुद्ध स्ट्राइक करीत आलो. येथे मालक तो करतो! म्हणून दृश्ये थोडी आणि छोटी, शब्द आणि मत आपले. काढून टाकलेला व्हिडिओ म्हणजे एक अख्खी रात्र फुकट. वेळाच्या हिशेबात तीही धरली पाहिजे.

या मांडणीने सहा तासांचे काम साडेतीनवर आले. मुले एक वाजता घरी जाऊ लागली. मला कोण अभिमान वाटला! दोन महिन्यांत कंत्राटदाराच्या कानावर गेले, आणि त्याने रात्रीला दोन भाग मागितले, नगाचा दर उतरवून.

१९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत हेच घडले होते. दोन मागांवरच्या विणकराला तीन माग सांभाळावयास लावण्याच्या योजनेला मालकांनी ‘कार्यक्षमता’ हे नाव दिले, आणि कामगार सहा महिने संपावर राहिले. मी हा इतिहास शेकडो सभांत सांगितला आहे. तरी घड्याळ लावण्याआधी दर लिहून घ्यावा, हे त्या रात्री मला सुचले नाही.

आता आम्ही पत्र दिले आहे. जुना दर कायम, मध्यरात्रीनंतरच्या कामाला दीडपट, आणि व्हिडिओच्या शेवटी मुलांची नावे. पहिल्या दोन मागण्यांवर विचार करतो, असे कंत्राटदार म्हणाला. तिसरीवर तो हसला. मुलांनी मात्र तिसरी सोडावयाची नाही असे ठरविले आहे.