खर्च ज्याचा त्याने

तालुक्याच्या कोर्टातून जमिनीच्या वाटपाच्या दाव्यातल्या हुकूमनाम्याची नक्कल मिळाली, तेव्हा आत्याने आधी शेवटचं पान उलटलं. तिथे खर्चाचा तक्ता असतो. दाव्याचा स्टॅम्प, वकीलपत्राचा स्टॅम्प, समन्स बजावणी, साक्षीदारांचा भत्ता, वकील फी. एका बाजूला वादी, दुसऱ्या बाजूला प्रतिवादी. आत्याच्या रकान्यात कोर्ट फीच्या जागी आडवी रेघ होती. मालमत्तेच्या वादात महिलांना ती १९९४ पासून महाराष्ट्रात माफ आहे. वकील फीचा छापील आकडा मात्र नियमाच्या दराने काढलेला. तिने खरोखर मोजलेल्या पैशांशी त्याचा काही मेळ नव्हता.

खरा हिशेब तिच्या पिशवीतल्या वहीत होता. एसटी, झेरॉक्स, टायपिंग, सहीशिक्क्याच्या नकला, बुडालेली रोजंदारी. मधल्या एका पानावर माझं नाव होतं. माझे वडील या दाव्यात प्रतिवादी नंबर २. ते गेल्यावर त्यांचे वारस ९० दिवसांत रेकॉर्डवर घेतले नाहीत, तर त्यांच्यापुरता दावा रद्द होतो. तो अर्ज आत्याने दिला, मी २-अ झालो, आणि माझ्यावर समन्स बजावण्याचा खर्चही तिनेच भरला. सख्ख्या भावाच्या मृत्यूची नोंद तिच्या वहीत अशी आहे.

तक्त्याच्या वर एक ओळ: खर्च ज्याचा त्याने सोसावा.

दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ३५ सांगतं की साधारणपणे हरलेल्याने जिंकलेल्याचा खर्च द्यावा, आणि तो द्यायला लावायचा नसेल तर न्यायाधीशांनी कारण लिहावं. "मावशी, वाटपात हरलेलं असं कुणी नसतं, सगळ्यांनाच हिस्सा मिळतो. म्हणून बहुतेक वेळा असंच लिहितात," वकील म्हणाले. कायद्याच्या दृष्टीने हे पटतं. पण थोरल्या चुलत्यांनी 'बहिणीने तोंडी हक्क सोडलाय' अशी कैफियत देऊन वर्षानुवर्षं दावा लांबवला. ती कैफियत कोर्टाने फेटाळली. खोट्या बचावाबद्दल भरपाई मागावी, तर कलम ३५-अ ची कमाल मर्यादा ३,००० रुपये.

खर्च मालमत्तेतूनच काढण्याची सोय कायद्यात दुसरीकडे आहे: मृत्युपत्राचं प्रोबेट, म्हणजे कोर्टाची मान्यता, घेण्याचा खर्च १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे अंत्यविधीच्या खर्चापाठोपाठ, कर्जांच्याही आधी, मयताच्या मालमत्तेतून निघतो. वाटपाच्या दाव्यात तसं होत नाही, असं कागद म्हणतो. प्रत्यक्षात एका बाजूचा खर्च मालमत्तेतूनच निघत होता. जमीन चुलत्यांच्या ताब्यात, ऊस त्यांच्या नावावर, कारखान्याचं बिल त्यांच्या खात्यात; त्यातूनच त्यांचा वकील. आत्या भांडत होती ती दुसऱ्याच्या शेतात खुरपून आणलेल्या पैशांवर. सामाईक जमिनीचं पीक तिच्याच विरुद्ध खर्ची पडलं, हा मला या सगळ्यातला सगळ्यात मोठा अन्याय वाटतो. मधल्या काळातल्या उत्पन्नाचा हिशेब मागता येतो. आमच्या दाव्यात मात्र ती मागणी लिहिलीच नव्हती.

आणखी एक गोष्ट तिला सहाव्या वर्षी कळली. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो. तालुका विधी सेवा समितीची खोली त्याच आवारात होती, जिथे ती सहा वर्षं तारखांना येत होती. तुमच्या घरातली बहीण, आत्या किंवा वहिनी वाटपाचा दावा लावणार असेल, तर वकीलपत्रावर सही करण्याआधी तिला त्या खोलीत घेऊन जा.