माळ्यावरचें यंत्र

घोरणें हा आपल्या एकत्र कुटुंबांत थट्टेचा विषय समजला जातो. कर्ता पुरुष घोरूं लागला कीं मुलें उशींत तोंड खुपसून हंसतात, आणि पाहुण्यांचीं अंथरुणें दुसऱ्या खोलींत पडतात. परंतु शिरूरच्या आमच्या मामींना त्या आवाजाची भीति वाटत नसे. भीति वाटे ती तो एकाएकीं थांबे तेव्हां. अंधारांत उठून बसावें, मनांत आंकडे मोजावे, आणि मोठा हुंदका येऊन मामांचा श्वास पुन्हां सुरू झाला म्हणजे मग पाठ टेकावी, असा त्यांचा कित्येक वर्षांचा क्रम होता.

डॉक्टर या विकाराला ‘स्लीप ॲप्निया’ म्हणतात. आपण त्याला झोपेंतील श्वासरोध म्हणूं. झोपेंत घशाचे स्नायु सैल पडून श्वासाची वाट मिटते. छाती हालत असते, पण हवा आंत जात नाहीं. रक्तांतील प्राणवायु उतरतो, मेंदु दचकून जागा होतो आणि वाट उघडते. झोपलेल्या माणसाला मात्र सकाळीं यांतलें बहुधा कांहींच आठवत नाहीं. निदान १० सेकंद श्वास अडला तर तो एक प्रसंग धरतात. श्वास अडण्याचे किंवा मंदावण्याचे असे प्रसंग तासाला ३० किंवा अधिक झाले तर विकार तीव्र समजला जातो. त्याच्या सोबतीनें रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण पडतो आणि दिवसा पेंग येते. मुंबईंत डॉ. झरीर उदवाडिया व त्यांचे सहकारी यांनीं २००४ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणें, शहरांतील मध्यमवयीन पुरुषांत दिवसाच्या झोपाळूपणासह हा विकार शेंकडा ७.५ जणांना असावा. २०२२ सालीं संगीतकार बप्पी लाहिरी यांचें मुंबईंत निधन झालें, तेव्हां डॉक्टरांनीं याच विकाराचें नांव घेतलें होतें.

यावरील मुख्य उपाय म्हणजे ‘सीपॅप’ यंत्र. नाकावरच्या मुखवट्यांतून तें हवेचा सौम्य दाब देतें व त्या दाबानें घशाची वाट उघडी राहते. ही युक्ति ऑस्ट्रेलियांतील सिडनी येथें डॉ. कॉलिन सलिव्हन यांनीं १९८० सालीं प्रथम वापरली, आणि १९८१ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत पांच रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यापूर्वीं तीव्र विकार असलेल्यांना गळ्यास छिद्र पाडून घेण्यावांचून फारसा मार्ग नसे. आरंभींचे मुखवटे तर रोज रात्रीं चिकटद्रव्यानें नाकावर बसवावे लागत.

मामांसाठीं हें यंत्र आलें, आणि चार रात्रींत त्यांनीं हात टेकले. नाकाच्या दांड्यावर लाल वळ उठला. घसा कोरडा पडला. पोटांत हवा जाऊन सकाळपर्यंत ढेकर येत राहिले. दोनदां तर जीव गुदमरल्यासारखा होऊन त्यांनीं पट्टे ओढून काढले. त्यांतच धाकट्या नातवानें त्यांना नळीसह पाहिलें व ‘आजोबा रांजणगांवचे गणपति झाले’ म्हणून टाळ्या पिटल्या. सारें घर हंसलें, मामाही हंसले. पांचव्या दिवशीं यंत्र माळ्यावर गेलें. पुढें दोन महिन्यांनीं नगर रस्त्यावर मोटारसायकल चालवितांना त्यांचा डोळा लागला. दैव बलवत्तर म्हणून कोपर खरचटण्यावर निभावलें.

त्याच सुमारास दौंडास आत्याकडे जाण्याचा योग आला. तिचे यजमान, आमचे काका, रेल्वेच्या नोकरींतून निवृत्त झालेले. तेंच यंत्र ते तीन वर्षें बिनतक्रार वापरीत आहेत. मामांची हकीकत ऐकून ते म्हणाले, “यंत्र वाईट नाहीं रे, घाई वाईट. मलाही बसायला महिना लागला.” त्यांनीं सांगितलेले उपाय पुढें मीं डॉक्टरांकडून पडताळून घेतले, ते असे.

वळ उठतो तो बहुधा पट्टे फार आवळल्यामुळें. यंत्र चालू करून, आडवें झाल्यावर पट्टे बसवावे व हवा गळणार नाहीं इतपतच ताणावे. तरीही टोंचलें तर मुखवट्याचा आकार किंवा प्रकार बदलून घ्यावा. हवा डोळ्यांकडे फुटत असेल तरी हाच उपाय. नाक व घसा कोरडा पडल्यास यंत्राला जोडलेल्या भांड्यांत ऊर्ध्वपातित पाणी घालून हवा ओलसर करावी. तोंड उघडें राहत असेल तर नाक-तोंड दोन्ही झांकणारा मुखवटा उपयोगी पडतो. थंडींत नळींत पाणी साठतें. म्हणून नळीवर कापडी पिशवी चढवावी आणि यंत्र उशाच्या खालच्या पातळींत ठेवावें. पोटांत हवा जात असल्यास डॉक्टरांना सांगावें. दाब आपल्या मनानें कमीजास्त करूं नये. जीव घाबरतो त्यानें दिवसा वर्तमानपत्र वाचतांना अर्धा तास मुखवटा लावून बसावें. आरंभीं दाब कमी ठेवून तो हळूहळू चढविण्याची सोयही यंत्रांत असते. वीज गेली तर मुखवटा काढून ठेवावा. इन्व्हर्टर असल्यास पाणी तापविण्याची सोय बंद करावी, म्हणजे बॅटरी अधिक वेळ पुरते.

हें सर्व सांगून झाल्यावर काका म्हणाले, “आणि एक. पहिले आठ दिवस तुझी आत्या माझ्याबरोबर जागी राहिली. नळी अडकली तर सोडवीत होती. घरांत कोणी हंसलें नाहीं.”

शिरूरास परतल्यावर यंत्र खालीं काढलें. मुखवटा बदलून आणला. नातवाला मामांनीं स्वतः जवळ बसवून हवा कशी येते तें हातावर दाखविलें. आतां भांड्यांत पाणी भरण्याचें काम त्याचें आहे. पहिल्या आठवड्यांत मामांना तीन तासांपलीकडे मुखवटा सोसेना. चौथ्या आठवड्यांत ते सहा तास झोपूं लागले. मामींना विचारलें तेव्हां त्या म्हणाल्या, “श्वास अडेना, तर मोजायला कांहीं उरलें नाहीं. पहिले दोन दिवस मलाच झोप येईना.”

वाचकहो, आपल्या घरांतही असें एखादें यंत्र माळ्यावर पडलें असेल. दुखतें म्हणून तें टाकण्यापूर्वीं कोठें दुखतें हें विचारून घ्यावें, आणि पहिला महिनाभर घरांतील कोणी तरी उशाशीं बसावें.