दहिसर नदीचे दोन मुलूख

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात तुळशी तलावाच्या परिसरात उगम पावणारी दहिसर नदी वनहद्दीत असेतो तळाचे गोटे दिसावेत इतकी नितळ वाहते. परंतु वस्तीच्या इलाख्यात शिरताच तबेल्यांचे शेण आणि सांडपाणी तिच्यात मिसळते, ते कुजविताना सूक्ष्मजंतू पाण्यातील प्राणवायू फस्त करतात, आणि मनोरीच्या खाडीपर्यंत पोहोचेतो तिचा नाला होतो. वस्तीतला सारा अंमल वास्तविक एकाच महानगरपालिकेचा! उलट, ऱ्हाईनकाठच्या निरनिराळ्या राष्ट्रांनी १९५० साली संयुक्त आयोग नेमला, तरीही १९८६ मध्ये बासेलजवळच्या रसायनांच्या गोदामास आग लागून विषारी पाण्याने मासे मेले तेव्हाच त्यांना खरी जाग आली. पुढे शुद्धीकरणावर अमाप द्रव्य वेचून त्यांनी सामन मासा पुन्हा नदीत आणला. आमच्याकडे पावसाळ्यापूर्वी गाळ उपसण्याचा दस्तूर तेवढा इमानाने पाळला जातो.