काळजीचं कारण खरं असलं तरी

जून संपत येतो, पेरणी होऊन जाते आणि पाऊस दडी मारतो. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वे गावच्या शिवारात अशा वेळी कुणाच्याच डोळ्याला डोळा लागत नाही. बियाणं-खत उधारीवर आणलेलं असतं. दुबार पेरणी करावी लागली तर पैसा कुठून उभा करायचा, हा घोर घराघरांत असतो. हा आजार नव्हे. याच धाकधुकीपायी माणूस कृषी केंद्रात चौकशी करतो, पीक विम्याची मुदत चुकू देत नाही. पाऊस आला, कोंब वर दिसले की ती ओसरते. मुलीचा बारावीचा निकाल, सोयाबीनचा भाव, घरातलं बाळंतपण, या काळज्याही तशाच. निकाल लागेपर्यंत जीव टांगणीला आणि मग मोकळा.

पण पाऊस येऊन, पीक गुडघ्याला लागूनही ती ओसरली नाही तर? सिंदीचा तान्हा पोळा मोठा. लाकडी नंदी सजवून पोरं रस्त्यावर येतात, बाहेरगावचे लोक बघायला येतात. त्या गर्दीच्या दिवशीही एखादा घरातच बसून असतो. नातवाच्या नंदीला झूल बांधायला हात उचलत नाही. रात्री तीनला जाग येते, मग उजाडेपर्यंत तोच हिशेब. अर्धी भाकर ताटात राहते. बारीकसारीक गोष्टींवरून चिडचिड होते. आपल्याला चिंता लागली आहे, असं तो कधी म्हणत नाही. तो सांगतो, ‘छातीत धकधक होते’, ‘हातापायाले मुंग्या येते’, ‘जीव घाबरते’. मग ईसीजी निघतो, गॅसची गोळी मिळते, सलाईन लागतं, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तेच.

घरचे म्हणतात, डोक्यावर कर्ज आहे, टेन्शन राहणारच. ही समजूत मला सगळ्यात घातक वाटते. काळजीचं कारण खरं आहे, एवढ्यावरून ती आजारापर्यंत पोचलेली नाही असं ठरत नाही. कारण खरं की खोटं यापेक्षा ती काळजी काय हिरावून नेते ते बघावं: झोप, भूक, कामातलं लक्ष, माणसांत मिसळणं. आणि किती दिवस? अनेक विषयांची, आवरता न येणारी चिंता सहा महिने बहुतेक दिवस राहिली आणि तिच्यामुळे रोजचं जगणं अडलं, तर डॉक्टर तिला चिंताविकार म्हणतात. मदत घ्यायला मात्र सहा महिने थांबायचं कारण नाही. २००६ साली तयार झालेली सात प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरतात. ती गेल्या फक्त दोन आठवड्यांबद्दल विचारते. २१ पैकी १० किंवा जास्त गुण आले तर नीट तपासणी करावी, असा संकेत आहे. निदान त्यावरून होत नाही.

दुसरा प्रकार एकदम अंगावर येतो. नागपूरला रोज ये-जा करणाऱ्या एखाद्या मुलीला रेल्वेच्या भरल्या डब्यात अचानक दरदरून घाम फुटतो, श्वास अडतो, आता आपण मरणार असं वाटतं. हा झटका बहुधा दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि उतरतो. पुढचं नुकसान भीतीची भीती करते. ती गाडी सोडते, मग कॉलेज सोडते. टाळणं सुरू झालं की उशीर करू नये.

छातीत पहिल्यांदाच दुखलं तर आधी हृदयच तपासायचं. थायरॉइड ग्रंथीचं काम वाढल्यानेही धडधड होते, तेही बघून घ्यावं. पण तपासण्या ठीक आल्या आणि त्रास चालूच राहिला, तर ‘काही झालं नाही’ असं म्हणून माणसाला घरी पाठवू नये. त्याला खरंच त्रास होतो आहे. विचारांची आणि टाळण्याची सवय बदलणारी बोलण्याची उपचारपद्धती आहे, औषधंही आहेत. चिंतेवरच्या नेहमीच्या औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात, म्हणून आठ दिवसांत ती सोडू नयेत. झोपेच्या गोळ्या मात्र मनाने दुकानातून आणू नयेत, त्यांची सवय लागते.

उपचाराने कर्ज फिटत नाही, हे उघड आहे. पण बँकेत जाऊन बोलण्याइतकं बळ त्याने परत येऊ शकतं. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ कार्यक्रमात गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी नैराश्याबद्दल बोलायला सुरुवात केली. तेव्हा नैराश्यावर उपचार घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. लोक बोलायला तयार असतात, विचारणारं कुणीतरी लागतं.

सिंदीकरांना फार लांब जायला नको. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय याच रेल्वेमार्गावर आहे, पुढे वर्ध्याचं जिल्हा रुग्णालय. शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठीच्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात वर्धा जिल्हा आहे, तेव्हा आशाताईंना विचारता येईल. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा क्रमांक दिवसरात्र, मोफत चालतो आणि मराठीत बोलता येतं.

‘आता जगून काय करू’ असं कुणी म्हणालं तर ते रागात म्हणाला असेल, असं समजून सोडू नका. जीव द्यायचा विचार मनात येतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. त्या दिवशी त्याला एकटं ठेवू नका, दवाखान्यात सोबत जा, आणि घरातलं फवारणीचं औषध आधी शेजाऱ्याकडे नेऊन ठेवा.